ऐकणारे यंत्र आणि बोलणारे यंत्र

आमच्या देवस्थानच्या कार्यकारी समितीच्या गेल्या बैठकीत नगारखान्याची गळती, उत्सवातील विजेचा खर्च आणि पालखीचे नवे छत्र हे तिन्ही विषय अर्ध्या तासात आटोपले, आणि मग दोन तास वाद माजला तो तळहातावर मावेल एवढ्या एका यंत्रावर. आमची तरुण मंडळी दरवर्षी मार्गशीर्षात एक पदयात्रा काढतात. बेळगावकडील सड्यावरून निघावयाचे, जुन्या घाटवाटेने रान उतरावयाचे आणि गोव्याच्या बाजूस पायथ्याच्या देवळात महानैवेद्याच्या वेळी पोहोचावयाचे, असा तिचा क्रम. वनखात्याची रीतसर परवानगी काढलेली असते, वाटाड्याही बरोबर असतो. या यात्रेसाठी देवस्थानच्या निधीतून जीपीएसचे एक स्वतंत्र यंत्र विकत घ्यावे, असा ठराव तरुणांच्या चिटणिसांनी मांडला आणि त्यावर तीन पक्ष उभे राहिले.

पहिला पक्ष यंत्राचा. त्याच्या मते मोबाईलवर विसंबून डोंगरात जाणे हा पोरखेळ आहे. दुसरा पक्ष ॲपचा. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यावर एक ॲप फुकट उतरवून घेतले की काम झाले, मग भाविकांच्या पैशाची ही उधळपट्टी कशाला, असे तो विचारतो. तिसरा पक्ष वडीलधाऱ्यांचा. १५६० साली आपल्या पूर्वजांनी कुशस्थळीहून मंगेशाला झुआरीपलीकडे प्रियोळला नेले, तेव्हा त्यांच्या हाती कोणते यंत्र होते, असा त्यांचा सवाल. या तिसऱ्या पक्षाशी आम्ही फारसे भांडत नाही. पूर्वजांच्या हाती यंत्र नव्हते हे खरेच. पण वाट जाणणारी माणसे त्यांच्यापुढे चालत होती, आणि त्या काळी जी वाट दररोज शेकडो पायांखाली होती तीवर आज वर्षातून एकदा आमचेच पाय पडतात.

समितीत वकील म्हणून आमचीच काय ती वर्णी लागलेली असल्यामुळे निवाडा आम्ही करावा असे ठरले. तो आम्ही तेथे केला नाही. येथे करीत आहो, कारण प्रश्न एका देवस्थानापुरता नाही. घाटाच्या दोन्ही अंगांस राहणारी, सणावाराला डोंगर चढून उतरणारी कुटुंबे या मासिकाच्या वाचकांत पुष्कळ आहेत. दिवाणी दाव्यात वादमुद्दे चुकीचे काढले गेले, की पुराव्याचे ढीग घातले तरी निकाल भलताच लागतो. आमच्या बैठकीत नेमके हेच झाले. यंत्र की ॲप, हा मुद्दाच नव्हे.

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट सांगतो. निम्मी उतरण संपली होती. सूर्य डोक्यावर यावयाचा होता. एका व्हाळाच्या काठी शेवाळलेल्या दगडावरून आमच्या थोरल्या बंधूंचा पाय घसरला आणि घोटा मोडला. बंधूंचे वय एकसष्ट. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आणि दरवर्षी ते आमच्या पुढे चालत असत. आमच्या जथ्यात सात मोबाईल होते. सातांपैकी तिघांवर नकाशाचे ॲप चालू होते, आणि त्या तिन्हींवर आमच्या जागेचा निळा ठिपका व्हाळाच्या रेषेला टेकून उभा होता. अक्षांश-रेखांश विचाराल तर अंशाच्या सहाव्या दशांश स्थळापर्यंत! आम्ही कोठे आहो हे आम्हांस घरच्या अंगणाइतके नेमके ठाऊक होते, आणि ते सांगावयाचे कोणाला, याचे उत्तर त्या घळीत नव्हते. सातांपैकी एकाही मोबाईलला रेंज नव्हती. आमचा वाटाड्या शांतपणे म्हणाला, "वकीलबाब, हांगा रेंज मेळची ना. वयर सड्यार वचूंक जाय."

मग दोन मुले उलट चढून गेली. वाटेत मोबाईल मिटला तर पंचाईत, म्हणून एकाने ते अक्षांश-रेखांश पेनने आपल्या मनगटावर लिहून घेतले. सड्यावर पोहोचून पहिला फोन लागण्यास अडीच तास गेले. त्यानंतर गावची माणसे झोळी घेऊन खाली येईपर्यंत दिवस मावळला. अण्णांचा पाय पुढे बरा झाला, पण त्या दुपारी वेदनेने त्यांचे ओठ पांढरे पडलेले आम्ही पाहिले आहेत. घोट्याऐवजी डोक्याला लागले असते तर काय, हा विचार त्या वेळी कोणी बोलून दाखविला नाही एवढेच. आता सांगा, दहापट किमतीचे स्वतंत्र जीपीएस यंत्र आमच्या हाती असते, तर त्या अडीच तासांतील एक मिनिट तरी वाचले असते काय?

वाचले नसते. कारण जीपीएस हे ऐकणारे यंत्र आहे, मग ते वेगळ्या डबीत असो की मोबाईलच्या पोटात. याविषयी आमच्या समितीतील शिकल्यासवरलेल्यांतही एवढा घोटाळा आहे, की थोडे विस्ताराने सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. समजा, चार गावांच्या चार देवळांतील नगारे एकाच ठरलेल्या क्षणी वाजले. आपण मध्ये कोठेतरी रानात उभे आहो. ज्या देवळाचा नगारा आधी ऐकू आला ते जवळ, ज्याचा मागून आला ते दूर. कोणता आवाज किती उशिराने आला हे बिनचूक मोजता आले आणि देवळांच्या जागा ठाऊक असल्या, तर आपण कोठे उभे आहो ते गणिताने काढता येईल. जीपीएसचे उपग्रह म्हणजे सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे असे नगारे. आवाजाच्या जागी रेडिओलहरी, आणि घड्याळे अणूंची. नगारा वाजविणाऱ्याला जसे रानात कोण ऐकतो आहे हे कळत नाही, तसेच उपग्रहालाही आपण खाली उभे आहो याची वार्ता नसते. आपले यंत्र वर काहीही पाठवीत नाही. म्हणूनच रेंज नसली, किंबहुना मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकला, तरी निळा ठिपका आपल्या जागी दिसतो. अमेरिकेने सर्वसामान्यांच्या संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकली, तेव्हापासून हा ठिपका विश्वासार्ह झाला. उघड्या आभाळाखाली साध्या मोबाईलची चूक पाचेक मीटरची असते. दाट झाडीत आणि कड्याच्या कुशीत ती वाढते, कारण संकेत खडकावर आपटून वळसा घेऊन येतात. हा दोष डबीतल्या यंत्रालाही चुकत नाही, फक्त थोडा कमी भासतो.

तेव्हा पहिल्या दोन पक्षांचा झगडा हा एकाच कानाच्या दोन कुंडलांचा झगडा आहे. स्वतंत्र यंत्राची बाजू अगदीच लंगडी नाही, हे आम्ही कबूल करतो. त्याला बटणे असतात, पावसात बोटे ओली झाली तरी ते ऐकते. मोबाईलचा काचेचा पडदा पावसाचा थेंब आणि बोट यांत फरक करीत नाही. कित्येक यंत्रांत साधे पेन्सिल सेल चालतात आणि ते वाटेत बदलता येतात. उन्हात पडदा वाचता येतो, दगडावर पडले तरी फुटत नाही. हिमालयात आठ-दहा दिवसांच्या वाटेने, थंडीने मोबाईलची बॅटरी गारठून मरते अशा ठिकाणी जाणाऱ्याने ते खुशाल घ्यावे. आमच्या घाटवाटा एका दिवसाच्या. मोबाईल, एक पॉवर बँक आणि पाऊस असेल तर प्लास्टिकची एक घट्ट पिशवी, एवढ्यावर येथे निभते. देवस्थानच्या निधीतून हे यंत्र घेण्यास आमचा विरोध आहे तो यासाठी.

पण ॲपवाल्यांनी एवढ्यावरून विजयाची हलगी वाजवू नये. त्यांचा प्रमाद आमच्या मते अधिक मोठा आहे. ठिपका खरा असला म्हणून त्याखालचा नकाशा खरा ठरत नाही, आणि बहुतेकांच्या मोबाईलवर जो नकाशा आहे तो मोटारीसाठी केलेला आहे. २०२४ च्या डिसेंबरात बिहारकडून मोटारीने गोव्यास निघालेले एक कुटुंब गूगल मॅप्सने दाखविलेल्या वाटेने खानापूर तालुक्यात शिरोली-हेमाडग्याच्या बाजूस भीमगडच्या रानात शिरले आणि तेथेच अडकले. रात्र त्यांनी मोटारीत काढली. सकाळी सुमारे चार किलोमीटर पायी गेल्यावर रेंज मिळाली, ११२ क्रमांकावर हाक गेली आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. त्यांचा ठिपका त्या रात्रभर बिनचूक असणार, यात आम्हांस शंका नाही.

पायवाटांसाठी ओपनस्ट्रीटमॅपच्या आधारावरचे ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड हे ॲप बरे. २००४ पासून जगभरच्या हौशी लोकांनी हा नकाशा हातांनी भरत आणला आहे, आणि तो घरीच उतरवून घेतला की रेंजवाचून चालतो. मात्र या ॲपांत नकाशे राज्यवार मिळतात. आमची सीमा डोंगराच्या कण्यावरून जाते. गोव्याचा तेवढा नकाशा उतरवून सड्यावर गेलेल्या माणसाला पाठीमागचा अर्धा डोंगर कोरा दिसतो, आणि बेळगावहून कर्नाटकाचा नकाशा घेऊन निघालेल्याला समोरचा. सीमाभागातील माणसाने हे दुःख इतर अनेक रूपांनी भोगलेले आहे. येथे उपाय सोपा आहे, दोन्ही राज्ये उतरवून घ्यावी. चोर्ल्याच्या बाजूस जावयाचे तर महाराष्ट्रही घ्यावा.

उंचीच्या रेषांविषयी तर मुळीच गाफील राहू नये. या ॲपांतील समोच्च रेषा पुष्कळशा २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अंतराळयानाने रडारने केलेल्या मोजणीवरून काढलेल्या आहेत. तिची एकेक चौकट सुमारे तीस मीटरांची. तीस मीटरांच्या चौकटीत आमच्या सह्याद्रीचा एखादा सरळसोट कडा सहज मुरतो आणि नकाशावर नुसती चढण म्हणून दिसतो. शिवाय दाट रानात रडारला दिसतात ते बहुधा झाडांचे शेंडे, जमीन नव्हे. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे खुले नकाशे भारतीय नागरिकाला संगणकावर मिळतात. निघण्यापूर्वी त्यांच्याशी ताडून पाहावे. आणि एवढे सगळे केल्यावरही वाटाड्याला ऐकावे. आमच्या ॲपवर एक ठिपक्यांची सुरेख रेषा व्हाळ ओलांडून पलीकडच्या सोंडेवर चढताना दिसत होती. चिटणीस ती बोटाने दाखवू लागले, तेव्हा वाटाड्याने मोबाईलकडे न पाहताच सांगितले, "ती वाट पयलीं आशिल्ली, आतां रानान गिळ्ळी." नकाशा भरणारा हौशी गृहस्थ तेथून केव्हा गेला होता कोण जाणे.

येथवर जे झाले ते ऐकण्याचे. आता बोलण्याकडे वळू, कारण खरा वादमुद्दा तेथे आहे.

उपग्रहाकडे चार अक्षरांचा निरोप पाठवू शकणारी यंत्रे जगात आज सर्रास विकली जातात. गार्मिन कंपनीचे इनरीच हे त्यांतले प्रसिद्ध. ते इरिडियमच्या उपग्रहांमार्फत बोलते. एक कळ दाबली की माणूस कोठे आहे आणि अडचणीत आहे, एवढे वर जाते. २०२२ पासून काही देशांत तर साध्या आयफोनवरही संकटसमयी उपग्रहाची ही सोय मिळू लागली. त्या घळीत आम्हांस हवे होते ते हेच. हे ऐकताच आमच्या चिटणिसांचे डोळे चमकले. त्यांचा मावसभाऊ मस्कतला असतो, तो सुट्टीवर येताना बॅगेतून घेऊन येईल, असा सरळ मार्ग त्यांनी सुचविला. "वकीलकाका, कोणाला कळणार आहे?"

येथे मात्र आम्हांस वकिलीचा झगा चढविणे भाग पडले. १९३३ चा भारतीय बिनतारी संदेश अधिनियम वाचकांपैकी फारच थोड्यांनी वाचला असेल. त्यात फारशी गोडी नाही. त्याच्या कलम ३ ने परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगण्यास मनाई केली. मौज अशी, की बिनतारी दळणवळणाच्या व्याख्येत त्या कायद्याने पाठविणे आणि घेणे ही दोन्ही घातली. म्हणजे नुसते ऐकणारे यंत्रही परवान्याच्या कक्षेत. आमच्या घरच्या जुन्या ट्रंकेत आजोबांच्या रेडिओच्या परवान्याचे पुस्तक अजून आहे, त्यावर वर्षावर्षाच्या शुल्काची तिकिटे चिकटविलेली. भजन ऐकण्यासाठी सरकारची परवानगी! पण त्याच कायद्यात १९४९ साली जी दुरुस्ती झाली तिने एक शहाणपणाची रेषा ओढली. ऐकणाऱ्या यंत्राच्या गुन्ह्याला पहिल्या खेपेस शंभर रुपयांपर्यंत दंड, आणि प्रक्षेपक, म्हणजे बोलणारे यंत्र, परवान्यावाचून बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कान आणि तोंड यांतला भेद पंचाहत्तर वर्षांपूर्वी कायद्याला कळत होता.

तो आज किती कळतो, याचा पुरावा आमच्या दारातच आहे. भीमगडच्या रानात ते कुटुंब अडकले त्याच २०२४ च्या डिसेंबरात गोव्यातून विमानाने निघालेल्या दोन परदेशी प्रवाशांना त्यांच्याजवळच्या यंत्रांसाठी अडविण्यात आले आणि प्रकरणे पोलिसांकडे गेली. एकीजवळ इनरीच होते, म्हणजे बोलणारे यंत्र. दुसऱ्याजवळ जे होते ते सायकलीच्या दांड्यावर बसवावयाचे, किती मैल झाले ते सांगणारे यंत्र. ते उपग्रहाचे ऐकते आणि उपग्रहाकडे काहीच पाठवीत नाही. त्याला अडविणाऱ्याच्या स्वतःच्या खिशातील मोबाईलही उपग्रहाचे नेमके तेवढेच ऐकत असणार. ब्रिटनचे सरकार भारतात येणाऱ्या आपल्या नागरिकांस जो सावधगिरीचा सल्ला देते त्यातही उपग्रहफोन आणि उपग्रहाधारित मार्गदर्शक यंत्रे एकाच दमात गुंफलेली आम्ही वाचली आहेत. एकाच डोंगररांगेच्या एका बाजूस बोलता येत नाही म्हणून माणसे रात्रभर रानात बसतात, आणि दुसऱ्या बाजूस बोलता येईल असे यंत्र जवळ आहे म्हणून माणसे पोलिसठाण्यात बसतात. भाविकांच्या संस्थेने या घोळात आपला पाय घालावा, असा सल्ला आम्ही देणार नाही. मस्कतच्या मावसभावाने येताना खजूर आणावेत.

यावर सुरक्षेचा युक्तिवाद होतो, आणि तो पोकळ नाही. २००८ च्या २६ नोव्हेंबरला समुद्रमार्गे मुंबईत शिरलेल्या मारेकऱ्यांजवळ जीपीएस होते, उपग्रहफोनही होता. त्या जखमेची आठवण असलेला कोणीही मनुष्य, उपग्रहाशी बोलणारी यंत्रे किराणा दुकानात मिळावीत, असे म्हणणार नाही. पण युक्तिवाद शेवटपर्यंत नेऊन पाहावा. ते मारेकरी आले समुद्रातून, तेही एक मासेमारी ट्रॉलर पळवून. आणि त्याच समुद्रातील मच्छीमारांना भारत सरकारने काय दिले? इस्रोने बनविलेले संकटसूचक यंत्र. २०१० पासून ते वापरात आहे; वीस हजारांहून अधिक यंत्रे मच्छीमार नौकांवर आहेत, आणि २०२४ च्या जानेवारीत त्याची दुसरी, सुधारलेली पिढी आली. होडी बुडू लागली, आग लागली, कोणी आजारी पडले, की कळ दाबावी. निरोप उपग्रहामार्गे नियंत्रण केंद्राकडे आणि तेथून तटरक्षक दलाकडे जातो. नव्या यंत्रात तर निरोप पोहोचल्याची पोचही उलट येते. उपग्रहाशी बोलण्याने देश धोक्यात येतो असे जर सरकार खरोखर मानीत असते, तर संकट ज्या दिशेने आले त्याच दिशेला वीस हजार तोंडे त्याने दिली नसती. सरकारला ठाऊक आहे, की नोंदलेले, मालकाचे नाव असलेले, ठरीव निरोपापलीकडे काही न बोलणारे यंत्र हा धोका नसतो; धोका असतो तो निनावी फोनाचा. दर्यावरच्या माणसाला जे दिले ते डोंगरातल्या माणसाला नाकारण्याचे कारण आम्हांस तरी कोणत्याही कागदात सापडले नाही. आम्हांस वाटते ते असे, की मच्छीमार हा मतदारांचा समुदाय म्हणून सरकारच्या डोळ्यांपुढे आहे. डोंगर चढणारा, मग तो यात्रेकरू असो, गुराखी असो, मध काढणारा असो की वनरक्षक असो, एकेकटा आहे.

तांत्रिक अडचण म्हणावी, तर तीही नाही. संकटग्रस्तांच्या हाका उपग्रहांतून टिपणारी कोस्पास-सारसॅट ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था १९८२ पासून माणसे वाचवीत आली आहे. भारत तिचा सभासद आहे. तिची भूकेंद्रे बंगळूर आणि लखनौ येथे आहेत, आणि त्यांचा कारभार इस्रो पाहते. ४०६ मेगाहर्ट्झवर उठलेली हाक ऐकण्यासाठी बंगळूरला अष्टौप्रहर कान उघडा आहे. बेळगावपासून बंगळूर रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर. अडतो तो परवाना. आणि व्यापाऱ्यांसाठी तो अडत नाही, हेही नमूद केले पाहिजे. २०२५ च्या जूनमध्ये स्टारलिंकला उपग्रहामार्फत सेवा पुरविण्याचा परवाना केंद्राने दिलाच. आकाश विकावयास मोकळे झाले, हाक मारावयास नाही.

नवा कायदा करण्याचीही गरज नाही, ही गोष्ट आम्ही मुद्दाम ठासून सांगतो, कारण 'संसदेत विधेयक यावे लागेल' हे आमच्याकडे कोणतेही काम पुढे ढकलण्याचे सनातन निमित्त आहे. २०२३ चा दूरसंचार अधिनियम टप्प्याटप्प्याने अंमलात आणला जात आहे. त्याच्या कलम ३ मध्ये, लोकहितार्थ आवश्यक वाटल्यास अधिकृततेच्या अटीतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. एका अधिसूचनेचे काम आहे. सूट सरसकट नको. यंत्र संकटसूचक असावे, त्यावरून संभाषण होऊ नये. त्याची नोंद माणसाच्या ओळखपत्रावर किंवा संस्थेच्या नावावर असावी. अभयारण्यात जाणाऱ्याला ते वनखात्याच्या नाक्यावर नाममात्र भाड्याने मिळावे आणि परतताना जमा व्हावे. परवानगीचा कागद आजही त्याच नाक्यावर दाखवावा लागतो. त्याच खिडकीतून यंत्र दिल्याने कोणते राज्य बुडणार आहे? खोट्या हाका येतील, अशी शंका एका निवृत्त अधिकाऱ्यांनी आमच्याजवळ व्यक्त केली. येतील. अग्निशमन दलालाही येतात. म्हणून कोणी बंब विकून टाकलेले नाहीत.

या धोरणाचा मसुदा आम्ही अर्जाच्या रूपाने लिहिला आहे. तो देवस्थानच्या नावे दूरसंचार विभागाकडे जाईल आणि प्रती गोवा व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या वनखात्यांकडे जातील. ज्या इतर देवस्थानांच्या यात्रा डोंगरातून जातात त्यांनी आपापल्या लेटरहेडवर तोच अर्ज पाठवावा. मसुदा मासिकाच्या कार्यालयात ठेवला आहे, मराठीतही आणि कोंकणीतही. इंग्रजी प्रत हवी असल्यास तीही आम्ही करून देऊ, फी न घेता.

समितीपुढील ठरावाविषयी आमचे मत आम्ही लेखी कळविले आहे. स्वतंत्र यंत्र घेऊ नये. जथ्यातील किमान तीन मोबाईलांवर दोन्ही राज्यांचे नकाशे निघण्याच्या आदल्या रात्री देवळाच्या सभामंडपात सर्वांसमक्ष उतरवून तपासावे. वाचलेल्या पैशातून वाटाड्याचा मेहनताना वाढवावा, आणि एक दुमडणारे स्ट्रेचर घ्यावे. यंदा अण्णा येणार नाहीत. दोन मुले उतरणार नाहीत. ती सड्यावर, जेथे रेंजची एक काडी येते त्या दगडाशी, संध्याकाळपर्यंत बसून राहतील. व्हाळापासून त्यांच्यापर्यंत शिट्टीचा आवाज पोहोचतो की नाही, हे येत्या रविवारी जाऊन पाहावयाचे आहे.